कोरड्या कापडातलं पाणी

४ सप्टेंबर

वारामामा,

नमस्कार आधीच करून घेते, कारण पुढे मी काहीतरी मागणार आहे आणि तुम्ही नाही म्हणणार आहात. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही, लागला तरी तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. मला तुमच्या अंगावरचा टी-शर्ट हवा आहे.

तोच तो निळा. आईने तुमच्यासाठी छापलेला, छातीवर वारा मोजायच्या यंत्राच्या चार वाट्या असलेला. मागच्या वर्षी मावशीकडे तोच घालून आला होतात. गळा विरलेला, बाह्या विटलेल्या. मावशी तोंडावर म्हणाली की आता याचं फडकं करा. आणि त्या चार वाट्या मात्र काल छापल्यासारख्या. तेव्हा मी हसले होते. आता त्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून छपाईचं दुकान मीच बघते. कोरे टी-शर्ट आणायचे, जाळीच्या चौकटीतून शाई दाबायची, मग ड्रायरच्या सरकत्या पट्ट्यावर टाकायचे. आतल्या उष्णतेत शाई भाजली जाते आणि कापडाला कायमची धरते. सांगायला तीन ओळी, करायला जन्म जातो. जुलैत मला एक मोठं काम मिळालं. इथे ताडपत्र्या शिवायचा कारखाना आहे. तिथली मशीनं इतकी कडकडतात की ऐकू येणारा माणूस महिनाभर टिकत नाही. म्हणून व्यवस्थापक बाईंनी ऐकू न येणारी माणसंच घेतली, एकशेवीस. सगळे सायकलने येतात, ट्रकच्या रस्त्यावरून. त्यांच्या पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत छापायचं होतं: ‘मला ऐकू येत नाही. जपून पुढे जा.’

मी छापलं. तीन दिवस, रोज चाळीस. पाच-सहा धुण्यांत छत्तीस पाठींवरची अक्षरं सोलून निघाली. उरलेली चौऱ्याऐंशी ठणठणीत. तीच शाई, तीच जाळी, तोच हात, तोच ड्रायर. सगळीच गेली असती तर मी समजले असते की मला काम येत नाही. छत्तीसच कशी गेली?

आईची एकही रीत मी मोडलेली नाही. पट्ट्याचा वेग तिने खूण केलेला तोच आहे. इतकंच काय, ती प्रत्येक कोरा टी-शर्ट गालाला लावायची ना? लोक म्हणायचे, बाईचा कापडावर भारी जीव. मी तेही चालू ठेवलंय. संध्याकाळी सगळं आवरलं की उद्याचे चाळीस घेते, एकेक गालाला लावते, तिची आठवण काढते आणि रचून ठेवते. सकाळी आल्या आल्या छापायला सुरुवात. याहून जास्त काय करायचं असतं?

बाईंनी सगळे एकशेवीस नव्याने छापायला सांगितलेत, ऑक्टोबरअखेर. म्हणून तो टी-शर्ट पाठवा. आईने त्या शाईत काय घातलं होतं ते बघते आणि परत पाठवते, शप्पथ.

तुमची,
भिंगरी


१५ सप्टेंबर

भिंगरे,

नाही म्हणणार हे ठाऊक होतं तर एवढी शाई कशाला खर्ची घातलीस. टी-शर्ट मिळणार नाही. मी तो घातलाय. स्वतः घेऊन यावं म्हटलं तर ड्युटी आहे. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, दोन नोंदी. हवामान केंद्रातला माणूस सुट्टीवर गेला म्हणून हवा थांबत नाही.

पण तुझं पत्र वाचून मी एक केलं. तो टी-शर्ट अंगातून काढला आणि खिडकीत धरला. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिला. कापडातून समोरचा उतार दिसतो, उतारावरचं गवत दिसतं, गवतात चरणारी शेजाऱ्याची शेळी दिसते. फक्त चार वाट्यांच्या जागी काही दिसत नाही. कापड गेलंय, छाप राहिलाय. आता शाई कापडाला धरून नाही, कापडच शाईला धरून आहे. एवढी जिद्द मी माणसांतसुद्धा फार पाहिली नाही. मी किती वेळ तसाच उघडा उभा होतो कोण जाणे. थंडी वाजली तेव्हा भान आलं.

तुझ्या आईने हे केलं, आणि मी ते घालून भांडी घासतो.

तरीही सांगतो, हा टी-शर्ट चिरून तुला काही सापडायचं नाही. भात छान झालाय एवढं बघून तो कसा शिजवला ते कळत नसतं. मी तीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो: ‘का’ विचारायच्या आधी ‘कधी’ आणि ‘कुठे’ लिहून काढायचं. छत्तीस म्हणजे कोणते छत्तीस? कुठल्या दिवसाचे, दिवसाच्या कुठल्या वेळचे? नोंद नसेल तर नुसतं रडगाणं.

आणि दुसरं. छत्तीस टी-शर्टांसाठी कोणी असं पत्र लिहीत नाही. तुझी आई काही लपवायची तेव्हा तिचं अक्षर मोठं यायचं. तुझंही दुसऱ्या पानावर आलंय. काय झालंय?

वारामामा


२६ सप्टेंबर

मामा,

अक्षराचं ओळखलंत. सांगते, पण आधी नोंद, कारण ती सांगणं सोपं आहे.

आई प्रत्येक टी-शर्टच्या गळ्यातल्या पट्टीवर क्रमांक टाकायची, मीही टाकते. कारखान्यात जाऊन एकशेवीस गळे उलटे करून पाहिले. बाई म्हणाल्या, अहो एवढं कशाला. मी म्हटलं, मामाने सांगितलंय. सोललेले कोणते, ऐका. एक ते बारा. मग एक्केचाळीस ते बावन्न. मग एक्क्याऐंशी ते ब्याण्णव. मी तिथेच गठ्ठ्यावर बसले. रोज सकाळचे पहिले बारा, एकही इकडचा तिकडे नाही. मी याला नशीब म्हणत होते, आणि ते तर रांगेत उभं होतं. वाटलं, कोणीतरी गेले दोन महिने मला हेच सांगतंय आणि मला ऐकू येत नाहीये.

मग धरलं ड्रायरला. सकाळी गार असणार, म्हटलं. उष्णता दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या ड्रायरवर कायम पडून असलेल्या फडक्याला चिकटवून सकाळच्या पहिल्या फेरीला आत सोडल्या. एकशे साठ अंश. दुपारी सोडल्या, एकशे साठ. ड्रायर साव निघाला. मी पुन्हा होते तिथेच.

आता ते दुसरं. ऑगस्टच्या शेवटी कारखान्यातल्या एका शिंप्याला ट्रकने घासलं. ड्रायव्हर मागून हॉर्न देत होता. पुढचा बाजूला होईना, म्हणून त्याने तशीच गाडी काढली. आरसा खांद्याला लागला, शिंपी सायकलसकट चरात. डावं मनगट मोडलं. ड्रायव्हरनेच उचलून दवाखान्यात नेलं, आणि तिथे तो येईल त्याला एकच सांगत होता: पाठीवर काहीतरी होतं हो, पण वाचता आलं नाही. क्रमांक सात, मामा.

शिंपी प्लास्टर घेऊन दुकानात आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्याने तो टी-शर्ट माझ्या टेबलावर पसरला, उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कागदावर लिहिलं, ‘मी गरम पाण्यात धुतो. त्यामुळे झालं का?’ त्याला वाटतंय चूक त्याची. मी मान हलवून नाही म्हटलं. मग कोणाची, ते मला लिहिता आलं नाही.

त्या छत्तीस जणांना बाई सध्या कारखान्याच्या गाडीतून आणतात. किती दिवस आणणार? मी ठरवलंय, कारण सापडलं नाही तर हे काम छापायचं नाही, आणि मग दुसरंही कुठलं छापायचं नाही. फुलं आणि मांजरं छापून पोट भरेल. पण शिंप्याची पाठ जिला राखता आली नाही तिने मांजरं तरी कोणत्या तोंडाने छापायची?

भिंगरी


६ ऑक्टोबर

भिंगरे,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला की हे महिनाभर पोटात ठेवलंस. दुसऱ्यांदा माझा, की मी तुला रडगाणं म्हणालो. तिसऱ्यांदा वाचलं ते नोंदीसाठी. आधी शिंप्याला कळव की चूक त्याची नाही. मला कारण सापडलंय असं वाटतं. वाटतं म्हणतो, कारण ते तपासायचं तुला आहे.

तुझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य होतं, ‘संध्याकाळी सगळं आवरलं की उद्याचे चाळीस घेते.’ तिथे मला काहीतरी खटकलं होतं. काय ते काल उमगलं, दोरीवरचे कपडे काढताना. तू सहा-सात वर्षांची असशील. तुझी आई तुला घेऊन आठ दिवस इथे राहिली होती. मी दोरीवरची चादर चाचपली आणि म्हटलं, वाळली. तिने चादरीचं टोक गालाला लावलं आणि म्हणाली, ‘दादा, हिच्यात अजून पाणी आहे.’ मी म्हटलं, ऊन बघ, वारा बघ, माझी उपकरणं काय सांगतात ते बघ. तर म्हणते, ‘तुमच्या उपकरणांना गाल आहेत का?’ मला चेव आला. चादर काट्यावर घातली. पुन्हा तासभर उन्हात टाकली, पुन्हा तोलली. साठ ग्रॅम कमी भरली. मी सपशेल हरलो, आणि मला इतका आनंद झाला की दोन दिवस तेच सांगत सुटलो होतो.

बये, ती लाड करत नव्हती. ती मोजत होती.

हात राबून राबून निबर होतात, गाल होत नाही. कापडात पाणी असलं की ते गालाला किंचित गार लागतं. आणि सुती कापडात पाणी असतंच. ते हवेतून पितं, गुपचूप, पडल्या पडल्या. हाताला कोरडं लागतं, डोळ्याला कोरडं दिसतं. मला सांग, तुझी ती चाळिसांची चवड रात्रभर कुठे असते? माझी पैज आहे, जाळ्या धुतेस त्या मोरीपाशी. चवडीतले वरचे दहा-बारा रात्रभर ओल पितात, खालच्यांना वरचे झाकून ठेवतात. सकाळी तू वरूनच सुरू करतेस. तो टी-शर्ट ड्रायरमध्ये गेला की आधी त्यातलं पाणी उडतं, सगळी उष्णता त्यात खर्ची पडते. शाईची पाळी येईतो पट्टा त्याला बाहेर घेऊन आलेला असतो. शाई वरून भाजलेली आणि तळाशी, जिथे कापडाला धरायचं तिथे कच्ची. तुझं ते फडकं तर ड्रायरवरच पडून सुकलेलं. ते खरं कसं सांगणार?

आता करायचं ते. कापड तोल, छापायच्या आधी आणि तापवल्यानंतर. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांग. एकाच्या टोकाला पातळ मलमल गुंडाळ आणि तिची शेपटी पाण्याच्या वाटीत सोड. दोघांतला फरक मोठा असेल तर हवा कोरडी. फरक मिटत आला की समज, खोलीत पाणी आहे, दिसो न दिसो. रोज दोनदा लिही.

एक कबुली माझीही. ड्युटीबिटी काही नाही. सहा वर्षांपूर्वी केंद्रात यंत्र बसवलं, ते नोंदी आपले आपण पाठवतं. मला निवृत्त केलं, खोली तेवढी राहू दिली. मी आपला माझ्या ओसरीवरचे थर्मामीटर वाचतो आणि वहीत लिहितो. कोणाला पाठवायचं नसतं. मावशीला सांगू नकोस, ती मला तिकडे उचलून नेईल. सहा वर्षांनी कोणाला तरी माझ्याकडून हवेबद्दल काही हवं होतं.

वारामामा


१४ ऑक्टोबर

मामा,

पैज जिंकलात. चवड मोरीपाशीच असते.

स्वयंपाकघरातला काटा दुकानात आणला. चवडीतला सगळ्यात वरचा टी-शर्ट ठेवला: एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम. बंद गठ्ठा फोडून दुसरा काढला, त्याच मापाचा, त्याच कापडाचा: एकशे अठ्ठ्याहत्तर. दोन्ही हातात घेतले, डोळे मिटून, उघडून. काही फरक नाही, दोन्ही खडखडीत कोरडे. मग एकेक गरम प्रेसखाली, म्हणजे कापड दाबून तापवायच्या यंत्राखाली, घातला, उचलला, पुन्हा घातला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. दोन्ही एकशे सहासष्टवर येऊन थांबले.

प्रेसच्या कडांतून पांढरं काहीतरी वर आलं. मला वाटलं कापड जळलं. ती वाफ होती. मी वर आरसा धरला आणि त्यावर दव आलं, मामा. दुकानात उभी राहून, कोऱ्या करकरीत कापडातून. ते बोटावर घेऊन मी जिभेला लावलं, वेडी म्हणा हवं तर. साधं पाणी. एका टी-शर्टमध्ये एकवीस ग्रॅम. असे एकशेवीस असतील तर अडीच लिटर होतं. अडीच लिटर पाणी मी माझ्या फळीवर घड्या घालून रचून ठेवू शकते आणि एक थेंब सांडत नाही. दहा वर्षं या कापडांत हात घालतेय. मला काय माहीत होतं?

आता आईचं ऐका. ती काही टी-शर्ट गालाला लावून बाजूला टाकायची, ड्रायरच्या तोंडाशी एक खुर्ची होती तिच्या पाठीवर. मी लहानपणी त्यांना ‘नावडते’ म्हणायचे. संध्याकाळपर्यंत तेच नावडते ती पुन्हा गालाला लावायची आणि छापायची. ते तिथे सुकत होते. मी काय केलं? खुर्ची पुढे नेली, गिऱ्हाइकांना बसायला. आणि गालाचं काम संध्याकाळवर ढकललं, सकाळचा वेळ वाचावा म्हणून. मनोभावे गालाला लावायचे आणि त्याच हाताने ओलीत नेऊन ठेवायचे. गाल तर बिचारा सांगत असणार, मी डोळे मिटून आठवणी काढत होते. तिचं सगळं केलं, कशासाठी ते सोडून. रडले. मग काम केलं.

दहा सुकवलेले आणि दहा ओल प्यालेले टी-शर्ट मिसळले, आणि डोळे बांधून गालाने ओळखायला बसले. पहिल्या दिवशी विसांतले अकरा बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. काल विसांतले वीस. ओल असलेलं कापड गालाला जरा उशिरा ऊब देतं. एकदा कळलं की कळतंच. मला वाटत होतं मी आईला आठवतेय. तिला काय कळत होतं ते आत्ता कुठे मला कळतंय.

शिंप्याला सगळं लिहून दिलं. त्याने सावकाश वाचलं, टी-शर्ट स्वतःच्या गालाला लावला आणि खाली लिहिलं, ‘ताडपत्रीचं कापडही असंच. दमट दिवशी सुई अडते. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.’ मी मान खाली घातली. त्याने चांगल्या हाताने पाठीत धपाटा घातला, चांगला जोरात.

गठ्ठे आता कोरड्या खोलीत, बंद. छापायच्या क्षणी फोडायचे, प्रेसखाली दहा सेकंद, गाल, मग शाई. बाईंकडून पंधरा दिवस वाढवून घेतलेत. सोबत तीन टी-शर्ट पाठवतेय. एक जुन्या रीतीचा, चवडीच्या माथ्यावरचा. दोन नव्या रीतीचे. कोणता कुठला ते सांगत नाही. तुम्हाला ड्युटी नाही ना, मग धुवा तीस वेळा.

निवृत्तीचं लपवलंत त्याचं भांडण उधार ठेवते. तुमचं नोंदीचं कोष्टक कसं आखायचं ते कळवा. माझ्या दोन थर्मामीटरांत आज सकाळी फक्त एक अंशाचा फरक होता आणि मी काम थांबवलं.

भिंगरी


२ नोव्हेंबर

भिंगरे,

अहवाल. धुणी तीस. पाणी कढत, साबण भांड्यांचा, घासणं ब्रशने, पिळणं दोन हातांनी, वाळवणं कधी उन्हात कधी खोलीत. प्रत्येक धुण्यानंतर कापड ताणून पाहिलं, अक्षरांवरून नख ओढलं आणि लिहून ठेवलं. शेजारीण विचारून गेली, तुमच्याकडे कोणी बाळ आलंय का.

एक टी-शर्ट सहाव्या धुण्याला फुटायला लागला, नवव्याला अर्धी ओळ बादलीत. दुसरे दोन तिसाव्या धुण्यानंतर जसेच्या तसे. कापड विटलं, अक्षरं विटली नाहीत. मला स्वतःलाच पटेना, म्हणून एकतिसावं धुणं धुतलं.

यावर नाचू नकोस. तीन टी-शर्ट म्हणजे तीनच. मी आयुष्यभर सरासऱ्या काढल्या आणि सरासरीने कोणाचं डोकं भिजण्यापासून वाचत नाही. तुझ्या एकशेविसांतले एकशेएकोणीस टिकले तर कागदावर ते फार सुंदर दिसेल. पण ज्याचा गेला त्याला पाठ एकच असते. म्हणून गालावरही विसंबू नकोस. प्रत्येक तोल. तुझी आई माझ्याशी भांडली असती यावरून, आणि तरी तिने तोलले असते.

कोष्टक मागच्या पानावर आखून दिलंय. शेवटच्या रकान्यात वारा लिही, दार उघडं की बंद तेवढंच. तुझे आकडे आठवड्याला एकदा पाठवत जा. मी माझ्या शेजारी लिहीन. वहीला दुसरा रकाना पाडलाय, त्यावर तुझं नाव टाकलंय.

छाप आता. घाबरून नको, मोजून.

वारामामा


१९ डिसेंबर

मामा,

एकशेवीस तोलले. आधी आणि नंतर, दोन्ही आकडे गळ्यातल्या क्रमांकापुढे. चार प्रेसखालून दुसऱ्यांदा काढावे लागले, त्यातला एक गालाने पास केला होता. तुम्ही खरे. नोव्हेंबरच्या मध्यावर कारखान्यात पोचवले आणि बाईंना म्हटलं, महिना झाला की मला सगळ्या पाठी बघायच्या आहेत, प्रत्येक.

काल गेले. बाईंनी पाळी सुटल्यावर सगळ्यांना अंगणात उभं केलं, पाठ माझ्याकडे. मामा, तुम्ही हे कधी पाहिलं नसेल. एकशेवीस पाठी, रांगेत, आणि सगळ्यांवर तेच वाक्य. मशीनं बंद झालेली. आवाज नाही. मी पहिल्या पाठीपासून सुरू केलं. अक्षरावर बोट, थोडं ताणायचं, पुढे. काही जणांना गुदगुल्या होत होत्या, खांदे हलत होते. तिसऱ्या रांगेनंतर मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. सगळं शाबूत होतं. हजारो अक्षरं, महिनाभर घामाने भिजलेली, घासलेली, पिळलेली, आणि एकाचाही कोपरा उचललेला नाही. एवढंसं पाणी आधी वाटेतून बाजूला केलं म्हणून. मला वाटलं मी काही केलंच नाही, नुसतं कापडाच्या आड येणं थांबवलं. शेवटची पाठ झाली तेव्हा कोणीतरी मागे वळून माझा चेहरा पाहिला आणि मग सगळेच वळले. शिंपी पुढे आला. प्लास्टर कधीच निघालंय, मनगट जरा वाकडं राहिलंय. त्याने विचारलं, खुणेनेच, झालं ना समाधान? मी मान डोलावली.

पण तुम्हाला जे लिहायला बसलेय ते यानंतरचं.

घरी निघाले तर रस्त्यावर शिंपीच पुढे होता, सायकलवर. ऊन अजून होतं. मी स्कूटरवर, बरीच मागे, मुद्दाम हळू. तो गुंगून चालवत होता, एका हाताने, दुसरा मांडीवर ठेवून. मागून ट्रक आला. आधी मला आवाज आला, मग माझ्या शेजारून ते धूड पुढे गेलं, ताडपत्री बांधलेलं, भरलेलं, आणि थेट त्याच्या मागे. मी हॉर्नची वाट पाहत होते. स्कूटरचं हँडल हातात होतं की नाही मला आठवत नाही. ओरडून काय उपयोग होता? त्याला ऐकू गेलं नसतं.

हॉर्न वाजला नाही. ट्रकचे मागचे लाल दिवे लागले. तो हळू झाला, आणखी हळू झाला, सायकलच्या चालीने चालायला लागला. मी ड्रायव्हरचं डोकं खिडकीतून बाहेर आलेलं पाहिलं, पुढे झुकलेलं. तो वाचत होता, मामा. मी छापलेलं वाचत होता. मग त्याने समोरचा रस्ता मोकळा होऊ दिला, चाकं पार पलीकडच्या कडेला नेली आणि कोणी झोपलेल्याच्या उशाशेजारून जावं तसा बाजूने निघून गेला. मधे एक आख्खा ट्रक मावला असता एवढं अंतर.

मी स्कूटर थांबवून रस्त्याच्या कडेला बसले. शिंपी तसाच पुढे गेला, एका हाताने, आपल्याच नादात. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

तुमची,
भिंगरी